लहान मुलांसाठी सिनेमा आणि कार्टून कसं निवडायचं? रेटिंग, सेटिंग आणि थोडं आपलं डोकं



घरातला वायफाय कोण जोडून देतो? आजीच्या फोनमध्ये ॲप कोण टाकतो? टीव्हीवरच्या ॲपचा पासवर्ड कुणाला पाठ असतो? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं: घरातला विशीतला पोरगा किंवा पोरगी. म्हणजे तुम्ही. म्हणूनच घरातलं तीन-चार वर्षांचं मूल फोनवर काय पाहतं, हे नकळत तुमच्या हातात असतं. फोन तुमचा, अकाउंट तुमचं, सेटिंगही तुम्हालाच कळतात. त्यामुळे हा लेख आईबाबांपेक्षा जास्त मामा, काका, आत्या, मावशी, दादा आणि ताईंसाठी आहे.

मी नागपूरच्या प्रताप नगरात राहतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळी अकरानंतर रस्ता सुनसान, आणि घरोघरी पोट्टे कूलरसमोर. त्यात विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. अशा दुपारी 'जा, बाहेर खेळ' म्हणायची सोय नसते. आजी दमलेली असते, आईबाबा कामावर असतात आणि पोरगं कंटाळून रडून राहिलेलं असतं. मग फोन हातात जातोच. 'मुलांना स्क्रीन दाखवूच नका' हा सल्ला ऐकायला बरा आहे, पण अशा घरात तो टिकत नाही. कामाचा प्रश्न वेगळा आहे: दाखवायचंच असेल तर काय दाखवायचं, आणि ते ठरवायचं कसं?

माझं उत्तर एका ओळीत सांगतो. रेटिंग तुम्हाला साधारण वय सांगतं, सेटिंग नको त्या गोष्टी अडवतं. पण आपल्या घरातलं मूल कशाला घाबरतं हे दोघांनाही माहीत नसतं, ते तुम्हालाच पाहावं लागतं. आणि ही तिन्ही कामं फोन मुलाच्या हातात देण्याआधी करायची असतात.

आधी वेळेचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, एक वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, हीसुद्धा साधारण हेच सांगते: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच या वयात एक तासाच्या आत. दूर असलेल्या आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल करणं मात्र चालतं.

आता जरा हिशोब करा. मुलाच्या वाट्याला दिवसाला एकच तास आहे, तर तो कशावर खर्च करायचा? मेसच्या डब्यात दोनच पोळ्या येणार असतील, तर त्या कच्च्या निघालेल्या चालतील का? म्हणून निवड महत्त्वाची.

यू, यूए, ए: ही अक्षरं नेमकं काय सांगतात?

थिएटरमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक सर्टिफिकेट दिसतं. ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं. त्याचा कायदा १९५२ चा. त्यावरची अक्षरं अशी:

* यू: सगळ्यांना पाहता येईल.
* यूए: मुलांना पाहता येईल, पण पालकांनी विचार करून दाखवावा.
* ए: फक्त १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी.
* एस: डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा ठरावीक गटासाठी. हे आपल्याला सहसा दिसत नाही.

पूर्वी यूए म्हणजे 'बारा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी ठरवावं' एवढंच होतं. आता पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक! २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूएचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. नव्या सिनेमांवर हे आकडे दिसतात, जुन्यांवर नुसतं यूएच दिसेल.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ए सर्टिफिकेट असेल तर थिएटरवाल्याला मुलाला आत सोडता येत नाही. पण यूएचे आकडे हा पालकांना दिलेला सल्ला आहे. यूए १६+ सिनेमाला कुणी चार वर्षांच्या मुलाला घेऊन गेलं, तर दारात कुणी अडवणार नाही. तिथे अडवायचं काम घरच्यांचं.

ओटीटीचं वेगळं आहे. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांच्या मालिकांना सेन्सॉर बोर्ड सर्टिफिकेट देत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्या स्वतःच वर्गवारी करतात: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. नियमाप्रमाणे यू/ए १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना लॉक लावायची सोय त्यांना द्यावीच लागते. शिवाय कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात रेटिंगसोबत दोन-तीन शब्द येतात: हिंसा, भीतिदायक दृश्यं, अपशब्द वगैरे. आपण ते शब्द न वाचताच पुढे जातो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आकड्यापेक्षा हे शब्दच जास्त कामाचे. अपशब्दामुळे ७+ मिळालेला सिनेमा आणि भुतामुळे ७+ मिळालेला सिनेमा, चार वर्षांच्या मुलासाठी दोन्ही सारखे नसतात.

आणि यूट्यूब? तिथे कुणीही उठून व्हिडिओ टाकतो. त्याला ना सेन्सॉरचं सर्टिफिकेट, ना ओटीटीचं रेटिंग. तिथे 'मेड फॉर किड्स' असं लेबल दिसतं, त्यावरून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर हे लेबल आलं. ते लावलं की त्या व्हिडिओवर कमेंट बंद होतात आणि पाहणाऱ्याच्या माहितीवर बेतलेल्या जाहिराती थांबतात. हे लेबल बहुतेक वेळा व्हिडिओ टाकणारा स्वतःच लावतो. म्हणजे तो आयएसआयचा शिक्का नाही. व्हिडिओ चांगला आहे असं ते लेबल सांगत नाही, 'हा मुलांसाठी बनवलाय' एवढंच सांगतं.

कार्टून आहे म्हणून चालेल?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज.

शिनचॅनचंच घ्या. हे पात्र जपानमध्ये १९९० मध्ये मोठ्यांच्या मांगा साप्ताहिकात जन्माला आलं. भारतात ते मुलांच्या चॅनलवर आलं, २००८ मध्ये त्यावर बंदी आली आणि नंतर काटछाट करून ते पुन्हा सुरू झालं. चित्र गोड होतं, विनोद मोठ्यांचे होते.

दुसरं उदाहरण २०१७ चं. यूट्यूबवर मुलांची आवडती पात्रं वापरून बनवलेले असंख्य विचित्र व्हिडिओ सापडले. थंबनेल गोड, आणि आत इंजेक्शनं, मारझोड, रक्त. जगभर त्याला 'एल्सागेट' असं नाव पडलं. यूट्यूबनं असे बरेच व्हिडिओ काढून टाकले. पण एक गोष्ट तेव्हापासून लक्षात ठेवण्यासारखी आहे: थंबनेल पाहून निवड करायची नाही.

चांगल्या, नावाजलेल्या ॲनिमेशनचंही तपासून घ्यावं. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. त्यात मुलांचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट आणि मोठ्यांचे सिनेमे यांची तुलना होती. मुलांच्या दोन-तृतीयांश सिनेमांत महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरतं, मोठ्यांच्या सिनेमांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास निघालं! 'फाइंडिंग निमो' आठवा. पहिल्या काही मिनिटांतच निमोची आई जाते. 'द लायन किंग'मध्ये बाबा जातात. आपण हे सिनेमे दहा-बारा वर्षांचे असताना पाहिले आणि ते आवडले. पण चार वर्षांच्या मुलासाठी आईबाबा नाहीसे होणं ही जगातली सगळ्यात मोठी भीती असते.

बालकलाकार असला म्हणजे बालचित्रपट नव्हे

मराठी घरांत ही गल्लत फार होते. 'मराठी आहे, संस्कारी आहे, त्यात लहान मुलगा आहे, मग लाव' असं म्हणून सिनेमा लावला जातो. आपल्या गाजलेल्या सिनेमांची यादीच पाहा:

* 'श्यामची आई' (१९५३): राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा. शेवटी आई जाते.
* 'श्वास' (२००४): डोळ्याच्या कॅन्सरमुळे दृष्टी जाणार असलेला छोटा मुलगा आणि त्याचे आजोबा.
* 'टिंग्या' (२००८): जायबंदी झालेला लाडका बैल, आणि तो विकला जाणार ही मुलाची तडफड.
* 'फँड्री' (२०१३): जातीचा अपमान सोसणारा जब्या.
* 'किल्ला' (२०१४): वडील गेल्यावर आईसोबत कोकणात आलेला मुलगा. बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं याला क्रिस्टल बेअर दिला.
* 'नाळ' (२०१८): आपली आई सख्खी नाही, हे चैत्याला कळतं.

हे सगळे उत्तम सिनेमे आहेत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत बसून जरूर पाहावेत. पण ते लहान मुलाबद्दलचे सिनेमे आहेत, लहान मुलासाठीचे नाहीत. आपल्या नागपूरचा म्हणून 'झुंड' (२०२२) लावावासा वाटतो. विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरून प्रेरित, आपल्याच शहरात चित्रित झालेला. मोठ्या पोट्ट्यांना नक्की दाखवा. पण त्यातली हाणामारी आणि व्यसनं चार वर्षांच्या मुलाच्या कामाची नाहीत.

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) मात्र खरोखरच मुलांच्या बाजूनं सांगितलेली गोष्ट आहे. पंढरपूरची भावंडं, त्यांची सायकल, आणि पैसे जमवायची धडपड. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पण हाही आठ-नऊ वर्षांपासून पुढे, आणि सोबत कुणी मोठं असेल तर बरा.

याचा त्रास कसा होतो ते घरातच पाहिलं. माझी भाची साडेचार वर्षांची आहे. ताई नोकरी करते, त्यामुळे ती दुपारी आमच्याकडे असते. गेल्या उन्हाळ्यात पाहुणे आले होते, सगळ्यांनी मिळून टीव्हीवर एक जुना, यू सर्टिफिकेटचा मराठी सिनेमा पाहिला. त्यात आई आजारी पडून जाते. मोठ्यांनी डोळे पुसले, चहा घेतला, विषय संपला. भाची गप्प होती. दुसऱ्या दिवशी ताई कामावर निघाली तर ती दारात बसून रडायला लागली. आजीला म्हणाली, "आईला ताप आला तर ती परत नाही येणार ना?" पुढचा आठवडाभर ताई निघाली की हेच. शेवटी ताई ऑफिसला पोहोचली की तिला फोन करायची, "पोचली गं मी, संध्याकाळी येतेच." मग हळूहळू भीती गेली. सिनेमात काही वाईट नव्हतं. सर्टिफिकेटही बरोबरच होतं. यू म्हणजे 'आक्षेपार्ह काही नाही', 'चार वर्षांच्या मुलाला झेपेल' असं नाही, एवढं त्यातून घरात सगळ्यांना कळलं.

लहान मूल कशाला घाबरतं?

जोअॅन कँटर या अमेरिकी अभ्यासिकेनं १९८० च्या दशकात मुलं टीव्हीवरच्या कशाला घाबरतात यावर काम केलं. 'इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेतला हल्क खरं तर चांगला, लोकांना वाचवणारा. पण अगदी लहान मुलं नेमकी साध्या माणसाचा हल्क होतानाच घाबरायची. कारण या वयात 'तो आतून चांगला आहे' हे पोचत नाही, डोळ्यांना जे दिसतं तेच खरं. 'अरे, खोटं खोटं आहे ते' असं सांगूनही फारसा उपयोग होत नाही, मिठीत घेतल्यावर होतो.

दुसरी गोष्ट वेगाची. २०११ मध्ये 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात एक प्रयोग आला. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटानं नऊ मिनिटं 'स्पंजबॉब' हे भराभर दृश्यं बदलणारं कार्टून पाहिलं, दुसऱ्यानं संथ शैक्षणिक कार्टून, तिसऱ्यानं चित्रं काढली. लगेच नंतर लक्ष देण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या चाचण्या घेतल्या, त्यात पहिला गट मागे पडला. हा परिणाम किती टिकतो हे त्या प्रयोगात तपासलेलं नव्हतं. पण कार्टून बंद केल्यावर पोरगं का उसळतं, याचा थोडा अंदाज येतो.

लावण्याआधी पाच प्रश्न

मी आता भाचीसाठी काही निवडताना हे पाच प्रश्न पाहतो. दोन-तीन मिनिटं लागतात.

१. रेटिंगसोबतचे शब्द काय आहेत? 'भीतिदायक' किंवा 'हिंसा' दिसलं तर पुढचा.
२. कुणी मरतं, हरवतं, आईपासून तुटतं का? सिनेमाचं नाव टाकून कथा वाचा. इथे शेवट आधी कळला तरी चालतो.
३. वेग किती? मधली दोन मिनिटं आवाज बंद करून पाहा. डोळे दुखले तर ते मुलासाठी नाही.
४. संपतं का? पाच-सात मिनिटांचा पूर्ण भाग बरा, न संपणारी गाण्यांची माळ नको.
५. याची नक्कल केली तर? लहान मूल पाहिलेलं करून बघतं. उडी, ठोसा, शिवी, सगळंच.

या कसोटीवर बऱ्यापैकी उतरणारी उदाहरणं सांगायची तर, 'शॉन द शीप'मध्ये संवादच नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. 'ब्लुई' या ऑस्ट्रेलियन मालिकेचे भाग सात मिनिटांचे आणि घरातल्या साध्या खेळांवरचे. 'माय नेबर तोतोरो' (१९८८) मध्ये खलनायकच नाही. पण त्यात आई दवाखान्यात असते, म्हणून तो सहा-सात वर्षांनंतर. आणि आपल्याकडचं जुनं सोनं म्हणजे विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' (१९७४). सात मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, आपल्या आईबाबांनी दूरदर्शनवर पाहिलेली.

आता सेटिंग

ॲपच्या आवृत्तीनुसार नावं थोडी इकडेतिकडे असतील, पण गाभा हाच.

*यूट्यूब किड्स:* लहान मुलासाठी साधं यूट्यूब नको, हे वेगळं ॲप टाका. मुलाचं प्रोफाइल बनवताना वयोगट विचारला जातो: चार आणि त्याखालची मुलं, पाच ते आठ, नऊ ते बारा. खाली आणखी एक पर्याय असतो, तुम्ही स्वतः मंजूर केलेलंच दाखवायचा. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी तोच निवडा. दहा-पंधरा चांगले व्हिडिओ आणि चॅनल मंजूर करून ठेवा. त्यात शोधायची सोयही राहत नाही. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावरून टायमर लागतो. वेळ संपली की ॲप स्वतःच बंद होतं, आणि रागही मग आजीवर निघत नाही.

*साधं यूट्यूब वापरावंच लागलं तर:* व्हिडिओवरचं ऑटोप्लेचं बटण बंद करा आणि सेटिंगमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. हा मोड सगळंच गाळत नाही, त्यावर विसंबू नका. आणि तुमच्या अकाउंटवर मुलाला व्हिडिओ दाखवू नका. रात्री तुम्ही क्राइमच्या गोष्टी पाहता, दुपारी तेच सुचवलेले व्हिडिओ मुलासमोर येतात.

*नेटफ्लिक्स:* मुलाचं वेगळं किड्स प्रोफाइल बनवा आणि वयाची मर्यादा ठरवा. एखादा ठरावीक सिनेमा नको असेल तर नाव टाकून तो ब्लॉक करता येतो. पुढचा भाग आपोआप सुरू होणंही बंद करता येतं. सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा. नाहीतर किड्स प्रोफाइल म्हणजे दार बंद आणि खिडकी उघडी. प्राइम व्हिडिओ आणि जिओहॉटस्टारवरही किड्स प्रोफाइल आहे.

*फोन:* अँड्रॉइडमध्ये सिक्युरिटी सेटिंगमध्ये 'ॲप पिनिंग' शोधा. ते चालू करून व्हिडिओचं ॲप पिन केलं की तुमचा पिन टाकल्याशिवाय मूल दुसरीकडे जाऊ शकत नाही. आयफोनमध्ये हेच काम 'गायडेड ॲक्सेस' करतं, ते ॲक्सेसिबिलिटीमध्ये मिळेल. तुमचं यूपीआय आणि ऑफिसचं मेलही त्यामुळे वाचतं.

*टीव्ही:* शक्य असेल तर फोनवरून टीव्हीवर कास्ट करा. फोनवर मूल एकटं पाहतं, टीव्हीवर काय चाललंय ते स्वयंपाकघरातूनही कळतं. नेहमीच सोबत बसणं जमत नाही, पण कान तरी राहतो.

आजीला काय सांगायचं?

हे सगळं तुम्ही केलंत, पण दुपारी फोन देणार आजी. तिला मेन्यू आणि प्रोफाइल समजावत बसू नका. होम स्क्रीनवर यूट्यूब किड्सचं चिन्ह एकटं, मोठं दिसेल असं ठेवा. साधं यूट्यूब आत कुठेतरी फोल्डरमध्ये टाका. तिला तीनच गोष्टी सांगा: "आई, हेच उघडायचं. टायमर मी लावून ठेवलाय. आणि ती गप्प झाली किंवा डोळे झाकले, की बंद करून जवळ घ्यायचं."

तिसरी गोष्ट कुठल्याच ॲपमध्ये नाही. कार्टून पाहताना मूल हसतं, बोलतं, नाचतं तोवर ठीक आहे. ते एकदम शांत झालं, तर मोठ्यांना बरं वाटतं, 'चला, गुंतलं एकदाचं.' पण तेव्हाच एकदा वाकून स्क्रीनवर काय चाललंय ते पाहायला हवं. नंतर विचारा, "काय झालं त्या गोष्टीत?" मूल आपल्या शब्दांत सांगेल, अर्धं चुकीचं सांगेल, पण त्यातून त्याच्या मनात काय बसलं ते कळतं. भाचीनं परवा शॉनची गोष्ट मला सांगितली, त्यात मेंढी चक्क फुटाळ्यावर फिरायला गेली होती. म्हणजे ती घाबरली नाही, आणि उरलेली गोष्ट तिनं स्वतः रचली.

तर आज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं काढा. यूट्यूब किड्सचं प्रोफाइल, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन आणि दहा मंजूर व्हिडिओ, एवढं करून ठेवा. उद्या दुपारी फोन तसाही हातात जाणारच आहे.